जिथं आम्ही जात नाही

१२ फेब्रुवारी, मंगळवार

नोरीन पोरी,

सगळ्यात आधी हॉलवर कोण टपकलं असेल? एबल म्हातारा! सरकारी पाहुण्यांचं विमान अजून डोंगराच्या पलीकडेच होतं, हॉलची शेगडीसुद्धा कुणी पेटवली नव्हती, आणि हा आपला मेलेल्या भावाचा कोट घालून पायरीवर बसलेला. मी सुपाचं पातेलं घेऊन गेले तर म्हणतो कसा, "टॅबिथा, पाहुण्यांच्या आधी कुणीतरी मीठ बघायला पाहिजे ना." मी म्हटलं, "मीठ बघ, पण मुंडीतल्या मांसाला हात लावलास तर बोटं राहायची नाहीत." तरी त्यानं जीभ पळवलीच. कॅरिबू हरणाची जीभ म्हणतेय मी, नाहीतर तू हसशील.

मग डॉर्कस आली. तिचं काय सांगू! माझी सख्खी धाकटी बहीण, पण पाहुणे यायचे म्हटलं की अशी नटते जशी तिचंच लग्न आहे. लहानपणी पाद्रीबाबांनी आम्हा दोघींना बायबलातल्या एकाच बाईची दोन नावं दिली, तेव्हापासून ती माझ्याशी बरोबरी करते. तिनं तळलेला पाव आणला होता. जरा कच्चा होता, पण मी बोलले नाही.

पाहुणे चार. त्यातला एक लाल दाढीवाला, वयानं तुझ्याएवढाच असेल. इतका गोड पोरगा! बूट दारात काढले, वाकून सगळ्या म्हाताऱ्यांना नमस्कार केला. सूप तीन वाट्या प्यायला. विषय तोच गं, ज्यावरून तू आणि गिडियनमामा भांडलात. डोंगरांच्या पलीकडे, समुद्राकाठच्या माळावर, जिथं आपला कॅरिबूंचा कळप दर उन्हाळ्याला वितो, तिथं तेलासाठी भोकं पाडायची की नाही. गावाचं म्हणणं लिहून घ्यायला आले होते.

गिडियन आता गावाचा मुखिया, म्हणून त्यानं भाषण करायचं ठरवलं होतं. कागदावर लिहून आणलं होतं बिचाऱ्यानं. पण लाल दाढीवाला म्हणाला, आधी थोरांचं ऐकू. किती रीतभात! आणि गावात थोर कोण, तर मी. एबल माझ्यापेक्षा मोठा आहे, पण त्याच्या तोंडात तेव्हा मांस होतं.

त्यानं टेबलावर मोठा नकाशा पसरला आणि विचारलं, "आजी, या माळावर तुम्ही कधी गेला आहात?"

मला तर हसूच आलं. मी म्हटलं, "मी? मी कशाला, कुणीच नाही! माझी आई गेली नाही, तिची आई गेली नाही." मग मी त्याला उपासमारीच्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली, तुला सांगायची ना, तीच. तो हिवाळा उन्हाळ्यातही संपेना. माझ्या पणजीनं बर्फावर चालायच्या बुटांच्या वाद्या उकळून पोरांना चघळायला दिल्या, तरी दोन पोरं गेली. पुरुष खिंडीपर्यंत पोचले. खाली माळभर माद्या बसलेल्या, हलताही न येणाऱ्या, काठीनंसुद्धा मारता आल्या असत्या. पण एकानंही खाली पाय टाकला नाही. तिथूनच वळले. कारण तिथं आया वीत होत्या. जिथं जीव सुरू होतो तिथं माणसानं जायचं नसतं. पणजोबा परत येताना वाटेत गेले.

हॉलमध्ये सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. मी बोलते तेव्हा लोक असेच ऐकतात. पोरगा म्हणाला, "म्हणजे शिकारीला जात नाही?" मी म्हटलं, नाही. "बोरं वेचायला? तंबू ठोकून राहायला?" नाही. "तिथं तुमच्या कुणाची कबर?" मी म्हटलं, "अरे बाळा, तिथं आमच्या पायाचा एक ठसासुद्धा नाही!" असं ताठ मानेनं सांगितलं की बस.

डॉर्कस टेबलाखालून मला चिमटे काढत होती. मला वाटलं सूप वाढ म्हणतेय, म्हणून मी त्याला आणखी वाढलं.

मग एकेकाला विचारलं. पण थोर माणूस बोलून गेल्यावर आपल्यात कोण वेगळं बोलतं? सगळे म्हणाले, "आत्यानं सांगितलं तसंच." गिडियनसुद्धा उभा राहिला, कागद खिशातून काढला, परत घातला आणि म्हणाला, "आत्यानं सांगितलं तसंच." मला इतकं भरून आलं!

नंतर फिडल वाजली. लाल दाढीवाला माझ्याशी नाचला. पाय कुठं टाकायचे कळत नव्हतं त्याला, पण नाचला.

वॉल्ट पायलट म्हणतो, तुला मुलगा झालाय आणि तू फेअरबँक्स शहरातच खोली घेऊन राहिली आहेस. नाव काय ठेवलंस ते त्याला माहीत नाही. पुरुषांना एवढंही विचारता येत नाही. मी बाळाला पाठीशी बांधायच्या पट्ट्यावर मणी शिवायला घेतलेत.

तुझी आजी

३ मार्च, रविवार

नोरीन,

तुझं पत्र नाही. ठीक आहे, लहान बाळ म्हणजे काय असतं ते मला सांगू नकोस, सहा जणांना पाजलंय.

पट्ट्यावर रानगुलाब काढतेय. लाल मणी संपले. डॉर्कसकडे आहेत, पण ती सध्या फिरकत नाही. खोकला असेल. गावात सगळ्यांनाच खोकला झालेला दिसतो, कारण चहाला कुणी येत नाही. एबल तेवढा येतो, त्याला बिस्किटांपुढे काही सुचत नाही.

गिडियननं लाकडं आणून टाकली. नीट रचली, मोठी खाली, बारीक वर, आणि दार न वाजवता निघाला. मी खिडकीतून ओरडले, "अरे, चहा तरी घे!" तर म्हणाला, "गाडी चालू ठेवलीय आत्या, बंद पडली तर सुरू होत नाही." त्याची ती बर्फावरची गाडी, स्नोमोबाइल, नवी आहे.

शेवटी आज चर्चच्या पायरीवर डॉर्कसला धरलं. म्हटलं, "काय झालंय तुम्हा सगळ्यांना? मी काय कुणाची होडी चोरली?"

"तू त्या पोराला सांगितलंस ना, आपण तिथं जात नाही."

"मग? जातो का?"

"नाही गं. नाहीच जात."

"मग खोटं काय बोलले?"

"खोटं नाहीच बोललीस," म्हणाली, आणि हातमोजे घालत बसली. दोन्ही घातले, काढले, परत घातले. "खरंच बोललीस, ताई. लाल मणी उद्या आणून देते."

आणून दिले मात्र. मोजून आणले मेलीनं.

बाळ कुणासारखं दिसतं? नाक आपलं आलंय का?

तुझी आजी

२२ एप्रिल, सोमवार

नोरीन पोरी,

नदीवरचा बर्फ अजून गाडी पेलतो, पण दुपारी वरून ओला होतो. कळप निघालाय. परवा सरोवराच्या पलीकडच्या उतारावर पुढच्या माद्या दिसल्या, पोटं अशी खाली आलेली. पुढच्यांना आपण जाऊ देतो, त्यांना वाट माहीत असते. पोरं बंदुका घेऊन नुसती बसून राहिली होती. एबल रडला. तो दरवर्षी रडतो.

आणखी काय बरं लिहायचं होतं? हां. माझं नाव छापून आलंय! आयुष्यात पहिल्यांदा. सरकारचं जाडजूड पुस्तक आलं, वॉल्टनं दोन्ही हातांनी उचलून दिलं. त्याच्या आत माझं नाव आहे, स्पेलिंगसकट बरोबर.

गिडियन ते घेऊन घरी आला. या वेळी आत बसला. चहा घेतला. मग वाचून दाखवलं. मी त्याला म्हटलं, सोपं करून सांग. तो म्हणाला, "आत्या, हे सोपंच आहे. लिहिलंय की गावच्या सगळ्यात थोर बाईनं सांगितलं, माळाचा गावाला काही उपयोग नाही. तिथं शिकार नाही, वस्ती नाही, कबरी नाहीत. बाकीच्या सगळ्यांनी तेच सांगितलं. म्हणून तिथं तेल काढलं तर गावाचं काही जात नाही."

मी म्हटलं, "असं मी कुठं म्हटलं?"

"शब्द तुझेच आहेत."

"पण मी तर सांगत होते की... अरे, चर्चमध्ये कुणी झोपत नाही म्हणून ते रिकामं असतं का?"

त्यानं पुस्तक मिटलं. तो अगदी माझ्या भावासारखा दिसतो, कानसुद्धा तसेच.

मी म्हटलं, "तुला कळत होतं तेव्हा?"

"हो."

"डॉर्कसला?"

"सगळ्यांना कळत होतं आत्या. तो पोरगा दुसरा प्रश्न विचारायला लागला तेव्हाच."

"मग मला थांबवलं का नाहीत रे?"

माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी त्याला चालत चंद्रावर जायला सांगितलं. म्हणाला, "आत्या, तू बोलत होतीस."

मी तरी कुणाला मध्येच तोडलं असतं? माझे आजोबा बोलत असताना घराला आग लागली असती तरी आम्ही त्यांचं वाक्य संपायची वाट बघितली असती.

मी म्हटलं, मग आता सांगू. परत बोलते. त्याचा आधीच फोन करून झाला होता. बोलायची मुदत संपली म्हणे. मला वाटलं, बोलण्याला कुठली आलीय मुदत, पण असते.

म्हणून तुला लिहितेय. तू दोन वर्षं तेलवाल्यांच्या छावणीत जेवण रांधलंस, त्या लोकांशी बोललीस, ते काय ऐकतात आणि काय ऐकत नाहीत ते तुला ठाऊक. गिडियन म्हणतो, तिला कशाला विचारतेस. मी त्याला म्हटलं, गप बस. त्यांना कळेल असं हे कसं सांगायचं, एवढंच सांग. मामावरचा राग मामावर ठेव.

पट्टा झालाय. वॉल्टबरोबर पाठवतेय. गुलाबाची एक पाकळी वाकडी आहे, ती तशीच असू दे.

तुझी आजी

१६ मे, गुरुवार

लाडके,

निरोप मिळाला. विमानाचं दार उघडायच्या आधीच वॉल्ट ओरडला, "नोरीननं सांगितलंय!" एवढा आनंद झाला मला, चिखलात रबरी बूट अडकला तो तिथंच सोडून धावले. म्हणाला, "ती म्हणाली, आजीला सांग, गेलो होतो असं म्हण. शिकारीला गेलो होतो, दरवर्षी जातो म्हण. त्यांना तेवढंच कळतं." मी म्हटलं, आणि? तो म्हणाला, एवढंच. एवढा मोठा निरोप दिलास पोरी, आणि पोराचं नाव नाही सांगितलंस.

पण तू उत्तर दिलंस. मी ते डॉर्कसला सांगितलं, एबलला सांगितलं, दुकानात सांगितलं. बाळाला पट्टा छान बसला म्हणे, वॉल्टनं पाहिलं. बाळाला जावळ खूप आहे म्हणाला. हे त्याला आपणहून सुचलं!

मग मी सराव केला. डॉर्कसला समोर बसवलं आणि म्हटलं, "आम्ही तिथं गेलो होतो." ती हसायलाच लागली. म्हणाली, "तुझं तोंड बघ, आंबट बोर खाल्ल्यासारखं." परत म्हटलं. तिसऱ्या वेळी तिचं हसू थांबलं आणि ती म्हणाली, "ताई, नको. ते ऐकतील."

ते म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. त्या आठवड्यात कळपाचा शेवटचा जथा गावावरून जात होता. माद्या अगदी माझ्या घरामागून गेल्या. चालताना त्यांच्या घोट्यांचा टकटक आवाज येतो ना, दार लावलं तरी येतो.

गिडियननं लाल दाढीवाल्याला फोन लावून दिला. म्हणाला, मुदत संपली तरी तो चांगला माणूस आहे, एक वाक्य बोल, तो कुठंतरी घालेल. पोरगा खूश झाला माझा आवाज ऐकून. सुपाची आठवण काढली. त्याच्या बायकोला दिवस गेलेत, हेही सांगितलं. मी म्हटलं, तिला मगज खाऊ घाल, हाडातला. बराच वेळ बोललो. छान झालं बोलणं.

बाकी बरं आहे. नदी मोकळी झाली.

तुझी आजी

३० मे, गुरुवार

नोरीन,

मागच्या पत्रात फोनचं अर्धंच लिहिलं. उरलेलं आता लिहिते, कारण आता ते गावात सगळ्यांना कळलंय. तुला वॉल्टकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तो मीठमसाला लावतो.

मी बोलायचा प्रयत्न केला. गिडियन समोर उभा होता, ओठ हलवत होता, लहान पोराला शाळेच्या नाटकात आई सांगते तसा. मी म्हटलं, "बाळा, त्या माळाचं मी सांगितलं ना तुला. तर आम्ही तिथं..." आणि पुढचं येईचना. पोरगा पलीकडे थांबलेला, घाई नाही, काही नाही. शेवटी मी म्हटलं, "आम्ही तिथं जात नाही. तेच तर तुला सांगतेय. जात नाही म्हणूनच ती जागा आहे. जात नाही म्हणूनच आम्ही आहोत. कळतंय का तुला?"

तो म्हणाला, "हो आजी. ते आम्ही लिहून घेतलंय."

गिडियन खाली बसला.

मी परत सांगितलं, दुसऱ्या तऱ्हेनं. मग परत. पोरगा प्रत्येक वेळी हो म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता, खोटा नव्हता तो. मग म्हणाला, "म्हणजे आयुष्यभर तुम्ही त्या जागेबद्दल बोलत आलात, आणि एकदाही डोळ्यांनी पाहिली नाहीत?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "आजी, मी काहीतरी करतो."

मला वाटलं, कळलं त्याला. देवाची शपथ, मला वाटलं कळलं. म्हणून तुला लिहिलं, छान झालं बोलणं.

काल त्याचा फोन आला. त्यानं वरच्या साहेबांशी भांडून परवानगी आणलीय. हेलिकॉप्टर आणणार आहेत. मला बसवून डोंगरांपलीकडे नेणार, माळावर उतरवणार. बरोबर फोटोवाला. म्हणाला, "आत्ताच वेळ आहे आजी, सगळ्या एकदम विताहेत, हजारोंनी. एवढं सुंदर दुसरं काही नसतं म्हणतात. तुम्ही नाही बघायचं तर कुणी?"

इतका आनंद होता त्याच्या बोलण्यात. नातवानं आजीसाठी काहीतरी आणावं आणि पाठीमागे लपवून उभं राहावं, तसा.

मी म्हटलं, बाळा, नको. विताना आई दचकली तर ओलं पिल्लू तसंच टाकून पळते. मग मागं वळत नाही. तो म्हणाला, आम्ही उंचावरून जाऊ, काळजी घेऊ, आमच्याबरोबर जाणकार आहे. मी म्हटलं, आमच्यातलं कुणी तिथं पाय ठेवत नाही. तो म्हणाला, "माहीत आहे. म्हणून तर हा मान तुमचा."

मी गिडियनकडे बघितलं. त्यानं फोन घेतला आणि जे तोंडाला येईल ते बोलला. मुखियानं बोलू नये असं बोलला. पोरगा ऐकत राहिला. मग म्हणाला, आजीची तब्येत बरी नसेल तर आग्रह नाही, पण हेलिकॉप्टर ठरलंय, पैसे भरलेत, साहेब येणार आहेत. आपल्या धावपट्टीवर उतरून तेल भरून पुढं जातील. आणि मला म्हणाला, "काही हरकत नाही आजी. तुमच्यासाठी आम्ही फोटो काढून आणू."

माझ्यासाठी म्हणून जाणार आहेत, नोरीन.

डॉर्कस म्हणते, धावपट्टीवर जाऊन बसू, सगळ्या म्हाताऱ्या, खुर्च्या घेऊन. गिडियन म्हणतो, ते नदीच्या वाळूवर उतरतील, वाळूवर किती खुर्च्या मांडणार. एबलनं विचारलं, सूप करायचं का. मग तोच म्हणाला, पाहुणे येणार म्हणजे करावं तर लागेल. आणि मी मुंडी भिजत घातली. दुसरं मला काही येत नाही.

त्यांनी येतो म्हणून सांगितलंय. मंगळवारी, चार जूनला, सकाळी, हवा चांगली असेल तर. आणि हवा, पोरी, यंदा कधी नव्हे इतकी छान आहे.